ईएसपी३२ या छोट्या नियंत्रक चिपवर दर १०० मायक्रोसेकंदांनी नमुना घ्यायचा आहे. सॉफ्टवेअर टाइमर पुरेल का?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. मोटरचं कंपन मोजण्यासाठी ईएसपी३२ वर दर १०० मायक्रोसेकंदांनी एडीसी (विद्युतदाब आकड्यात बदलणारा भाग) वाचायचा आहे. फ्रीआरटीओएस या ऑपरेटिंग सिस्टिमचा टाइमर एका टिकच्या (तिच्या घड्याळाच्या ठोक्याच्या) खाली उतरत नाही, म्हणून तुम्ही ईएसपी३२ चा मायक्रोसेकंदांत मोजणारा ईएसपी-टाइमर घेतलात. सरासरी अंतर बरोबर १०० येतं. पण मधूनच एखादा कॉलबॅक (मुदत भरल्यावर चालणारं फंक्शन) ३०० मायक्रोसेकंदांनी येतो, क्वचित कित्येक मिलिसेकंदांनी, आणि स्पेक्ट्रममधली (वारंवारतांच्या आलेखातली) शिखरं पायथ्याशी पसरलेली दिसतात. असाच टाइमर पुढे एसटीएम३२ या दुसऱ्या चिपवर स्वतः लिहायचा झाला तर काय सांभाळावं, हेही तुम्ही विचारलंय.

आधी सरळ उत्तर देतो: नाही, या कामाला तो पुरणार नाही. नमुना घेण्याचा क्षण हार्डवेअरलाच ठरवू द्या आणि सॉफ्टवेअरकडे गोळा झालेले नमुने उचलण्याचं काम ठेवा.

तुमचा टाइमर बिघडलेला नाही. तो मायक्रोसेकंदात वेळ मोजतो आणि ते अचूक मोजतो. पण मुदत भरल्यावर कॉलबॅक कधी चालेल, हा वेगळा प्रश्न आहे. कुठलाही सॉफ्टवेअर टाइमर फक्त एवढंच कबूल करतो की 'सांगितलेल्या वेळेच्या आधी येणार नाही'. 'त्याच क्षणी येईन' असं त्याने कधीच म्हटलेलं नसतं. ईएसपी-टाइमरचे कॉलबॅक नेहमीच्या मांडणीत एका टास्कमधून एकामागून एक चालतात. त्या टास्कची प्रायॉरिटी २२ आहे (आकडा मोठा तो आधी चालतो). वायफाय ड्रायव्हरच्या टास्कची २३ आहे आणि दोन्ही सहसा पहिल्याच कोअरवर असतात. वायफायला पॅकेट हाताळायचं असलं की तुमचा कॉलबॅक रांगेत थांबतो. तुमचे ३०० मायक्रोसेकंद बहुधा तिथूनच येतात. वायफाय बंद करून एकदा मोजून बघा, लगेच कळेल.

कित्येक मिलिसेकंदांच्या उशिराचं कारण वेगळं असतं, आणि ते शोधायला मला स्वतःला खूप वेळ लागला होता. माझ्या एका लॉगरमध्ये दर मिनिटाला आलेखात एक खाच पडायची. दोन आठवडे मी टाइमरच्याच मागे लागलो होतो. शेवटी लक्षात आलं की दर मिनिटाला मीच फ्लॅशमध्ये (वीज गेली तरी टिकणाऱ्या मेमरीत) नोंद लिहीत होतो. ईएसपी३२ वर फ्लॅश लिहिताना किंवा पुसताना कॅश (फ्लॅशमधला कोड प्रोसेसरपर्यंत पोचवणारी जलद मेमरी) बंद होते. त्या काळात फ्लॅशमध्ये असलेला कोड चालूच शकत नाही, आणि जे इंटरप्ट (चालू काम थांबवून धावणारे हार्डवेअरचे इशारे) आयरॅममधून, म्हणजे चिपच्या आतल्या रॅममधून, चालण्यासाठी खास नोंदवलेले नसतात, तेही अडकून राहतात. एक सेक्टर (फ्लॅशचा एक तुकडा) पुसायला सहज दहा-वीस किंवा जास्त मिलिसेकंद जातात. तुम्हीही एनव्हीएसमध्ये (फ्लॅशमधल्या सेटिंग्जच्या साठ्यात) काही साठवत असाल तर त्याची वेळ या उशिरांशी जुळवून पाहा.

आता सरासरीबद्दल, कारण तिनेच तुम्हाला चकवलंय. ईएसपी-टाइमरचा नियतकालिक टाइमर पुढची मुदत मागच्या मुदतीवरून काढतो, कॉलबॅक प्रत्यक्ष कधी चालला यावरून नाही. त्यामुळे एक कॉलबॅक ३०० मायक्रोसेकंद अडकला की तो आणि मधले राहिलेले कॉलबॅक मोकळीक मिळताच लागोपाठ चालतात. सरासरी बरोबर १०० येते. पण प्रत्यक्षात तीन-चार नमुने जवळजवळ एकाच क्षणी घेतले गेले आणि तुमच्या यादीत ते १००-१०० मायक्रोसेकंदांच्या अंतरावर बसले. एफएफटीला (नमुन्यांवरून स्पेक्ट्रम काढणाऱ्या गणिताला) यातलं काहीच माहीत नसतं. टाइमर बनवताना 'हुकलेल्या घटना सोडून दे' असा पर्याय देता येतो, पण त्याने नमुन्यांची गर्दी टळते, खड्डा तसाच राहतो.

लहानसा जिटरही (नमुन्याच्या वेळेतली अनियमित चूकही) किती महागात पडतो, त्याचं गणित करून बघा. साइन तरंगाचा सर्वात जास्त चढ २π × वारंवारता × उंची एवढा असतो. १ किलोहर्ट्झच्या तरंगात नमुना १० मायक्रोसेकंद इकडेतिकडे झाला, तर चूक उंचीच्या सुमारे ६.३ टक्के होते. १२ बिटांच्या एडीसीची एक पायरी पूर्ण पल्ल्याच्या ०.०२५ टक्क्यांहूनही लहान असते. म्हणजे एडीसीने दिलेले बरेचसे बिट जिटरच खाऊन टाकतो. स्पेक्ट्रममधला पसारा मोटरचा नाही, वेळेच्या चुकीचा आहे.

तर उपाय. ईएसपी३२ मध्ये एडीसीचा कंटिन्युअस मोड आहे. त्यात हार्डवेअर ठरल्या वेगाने नमुने घेतं आणि डीएमए (प्रोसेसरला न गुंतवता माहिती हलवणारं हार्डवेअर) ते मेमरीत भरत जातं. तुमचा टास्क ५ मिलिसेकंद उशिरा जागा झाला तरी बफर पुरेसा मोठा असेल तर एकही नमुना जागचा हलत नाही. मूळ ईएसपी३२ वर या मोडचा वेग २० किलोहर्ट्झच्या खाली जात नाही, म्हणून २० किलोहर्ट्झने घ्या, आधी फिल्टर लावा आणि मग एकाआड एक नमुना ठेवा. जनरल पर्पज टाइमरच्या इंटरप्टमधून एडीसी वाचण्याचा मोह होईल, पण एडीसीचं नेहमीचं एकेरी वाचन इंटरप्टमधून करायला मनाई आहे. उलट बाजूने, पल्स बाहेर पाठवायचे असतील तर आरएमटी किंवा पीडब्ल्यूएम या पल्स काढणाऱ्या हार्डवेअरकडे वळा. तिथेही नियम हाच: वेळेची कड हार्डवेअरने काढावी.

ईएसपी-टाइमर टाकाऊ आहे असं मात्र मला अजिबात म्हणायचं नाही. एलईडी लुकलुकवणं, बटणाचा डिबाउन्स (दाबतानाची थरथर गाळणं), उत्तर न आल्यास पुन्हा पाठवणं अशा कामांत दोन-तीनशे मायक्रोसेकंदांनी काही बिघडत नाही. घटना कधी घडली याचा शिक्का मारायला तर तो उत्तमच आहे, कारण त्याचा ६४ बिटी आकडा तुमच्या हयातीत भरणार नाही. फक्त नियतकालिक मुदत ५० मायक्रोसेकंदांच्या खाली मागू नका, तो देतच नाही. आणि कॉलबॅक अगदी छोटा ठेवा. एकाने वेळ खाल्ला की मागचे सगळे ताटकळतात.

आता एसटीएम३२. तिथे हार्डवेअर टाइमरवर तुमचा स्वतःचा सॉफ्टवेअर टाइमर लिहायचा तर ठेवण चांगली साधी आहे: मुदतींची क्रमवार यादी ठेवायची, सर्वात जवळची मुदत कंपेअर रजिस्टरमध्ये (काउंटर त्या आकड्याला पोचला की इंटरप्ट देणाऱ्या जागेत) भरायची, इंटरप्ट आला की ती काढून पुढची भरायची. दर मिलिसेकंदाला टिक मारत बसण्याची गरज नाही. अडचणी सगळ्या कडेला लपलेल्या असतात.

सर्वात छळणारी ही: तुम्ही कंपेअरमध्ये आकडा भरेपर्यंत काउंटर त्याच्या पुढे गेलेला असतो. मग जुळणी होते ती थेट पुढच्या फेरीत. १ मेगाहर्ट्झवर चालणाऱ्या ३२ बिटी काउंटरची फेरी सुमारे ७१ मिनिटं ३५ सेकंदांची असते, म्हणजे तुमचा टाइमर तास उलटून गेला तरी गप्प राहतो. टेबलावर दिवसभर चाचणी केली तरी हे दिसेलच असं नाही. म्हणून आकडा भरल्यावर काउंटर लगेच पुन्हा वाचा, आणि मुदत उलटली असेल तर इंटरप्ट स्वतः हाताने उठवा.

तुलनाही जपून करा. 'आत्ता ≥ मुदत' असं लिहिलंत तर काउंटर भरून शून्यावर आला की उत्तर उलटं येतं. वजाबाकी करा आणि तिचं चिन्ह बघा: 'आत्ता − मुदत' हे चिन्हसहित ३२ बिटी पूर्णांक म्हणून शून्य किंवा जास्त असेल, तर मुदत भरली. मुदत अर्ध्या फेरीपेक्षा लांब नसेल तोवर हे बिनचूक चालतं. काउंटर भरण्याची चूक क्षुल्लक समजू नका. २०१५ साली अमेरिकेच्या विमान वाहतूक नियामकाने बोइंग ७८७ साठी आदेश काढला होता. सलग २४८ दिवस वीज चालू राहिली तर जनरेटरच्या नियंत्रकातला एक काउंटर भरून वाहतो, असं त्यात म्हटलं होतं. सेकंदाच्या शंभराव्या भागांत मोजणारा ३१ बिटी आकडा भरायला तेवढेच दिवस लागतात.

पुढची मुदत नेहमी मागच्या मुदतीत काळ मिळवून काढा, 'आत्ता' मध्ये मिळवून नाही. 'आत्ता' वरून काढलीत तर प्रत्येक फेरीचा उशीर साठत जातो. फ्रीआरटीओएसमध्ये नुसता डिले आणि डिले-अनटिल यांत हाच फरक आहे.

भागाकाराची बाकीही सोडू नका. समजा ३२,७६८ हर्ट्झच्या क्रिस्टलवरून १ मिलिसेकंद काढायचा आहे. तो भरतो ३२.७६८ ठोक्यांचा. सरळ ३३ धरलेत तर दिवसाला दहा मिनिटांची चूक होते. त्याऐवजी दर वेळी ३२ ठोके घ्या, ७६८ बाकी साठवत जा, आणि साठा १००० च्या वर गेला की एक ठोका जास्त घेऊन १००० वजा करा. एखादी मुदत एका ठोक्याच्या आतच इकडेतिकडे होईल, पण लांब पल्ल्यात काहीच साचणार नाही.

क्रिस्टलची स्वतःची चूक याच्याही खाली आहे. २० पीपीएमचा (दहा लाखांत २० चुकणारा) क्रिस्टल दिवसाला पावणेदोन सेकंदांपर्यंत सरकू शकतो. १ टक्का चुकणारा आतला आरसी ऑसिलेटर (चिपमधलं क्रिस्टलविना चालणारं घड्याळ) दिवसाला १४ मिनिटांहून जास्त. कोड कितीही नीट लिहिलात तरी याच्या पुढे जाता येत नाही.

आणि मोजमाप चिपच्या आत करू नका. कॉलबॅकच्या पहिल्याच ओळीत एखादी मोकळी पिन उलटी करा आणि ती लॉजिक अ‍ॅनालायझरवर दहा मिनिटं नोंदवा. मग दोन कडांमधल्या अंतरांचा हिस्टोग्राम काढा. सरासरी बघूच नका, सर्वात मोठं अंतर बघा. तो आकडा आणि त्या वेळी वायफाय चालू होतं का, हे दोन्ही कळवलंत तर पुढचं नेमकं सांगता येईल.