'हॅलो, डॉली!'चा खापरपणजोबा आणि टाइम्सचा मवाळ समीक्षक

प्रश्न : 'हॅलो, डॉली!' हा १९६९चा पिक्चर नुकताच बघितला, बार्ब्रा स्ट्रायसँड भारीच आहे. नंतर वाचलं की गोष्ट मुळात जॉन ऑक्सनफर्ड नावाच्या कुणा व्हिक्टोरियन नाटककाराची. हा कोण बुवा? – एक वाचक, सोलापूर

उत्तर : नाव माहीत नसलं तर वाईट वाटून घेऊ नका, आज लंडनमध्येही फार लोकांना सांगता येणार नाही. जन्म १८१२चा, लंडनच्या कँबरवेल भागातला. शाळाबिळा बेताचीच, बरंचसं शिक्षण स्वतःचं स्वतः केलेलं. आधी सॉलिसिटरच्या हाताखाली उमेदवारी, मग पैशाच्या बाजाराबद्दल लिखाण, आणि या सगळ्यात जर्मन, फ्रेंच वगैरे भाषा अशा पक्क्या केल्या की पुढे आयुष्यभर त्यांच्यावरच निम्मं दुकान चाललं. १८३५पासून नाटकं लिहायला लागला, म्हणजे व्हिक्टोरिया राणी गादीवर यायच्याही दोन वर्षं आधी. १८७७ साली वारला तोपर्यंत प्रहसनं, मेलोड्रामा, ऑपेराचे शब्द असं डझनावारी लिहून झालं होतं. 'लिली ऑफ किलार्नी' हा १८६२चा गाजलेला ऑपेरा, त्याचे शब्द नाटककार डायन बूसिकॉ आणि याने मिळून लिहिलेत.

आता तुमच्या डॉलीची वंशावळ. ऑक्सनफर्डचं सुरुवातीचं एक छोटं एकांकी प्रहसन आहे, 'अ डे वेल स्पेंट'. मालक बाहेरगावी गेलाय, दुकानातले दोन नोकर शटर ओढून दिवसभर लंडनमध्ये मजा मारायला जातात आणि जातील तिथे नेमके मालकाच्याच वाटेत येतात, बस्स एवढंच. त्या काळी एका रात्रीत दोन-तीन खेळ लागायचे आणि नऊच्या सुमाराला अर्ध्या तिकिटात आत घेत, त्यामुळे उशिरा येणाऱ्या पब्लिकला खिळवायला असली पळापळीची प्रहसनं लागायचीच. ती लिहायची, लावायची, उतरवायची, पुढची लिहायची.

पण हे उतरलंच नाही! व्हिएन्नाचा नाटककार योहान नेस्ट्रॉय याने तीच गोष्ट उचलून गाण्यांसकट मोठं नाटक केलं, ते १८४२ला रंगमंचावर आलं आणि तिकडे आजही होतं. नेस्ट्रॉयवरून अमेरिकेच्या थॉर्नटन वाइल्डरने १९३८ला 'द मर्चंट ऑफ याँकर्स' लिहिलं, दिग्दर्शक थेट माक्स राइनहार्ट, तरी ३९ प्रयोगांत गुंडाळावं लागलं. वाइल्डरने ते पुन्हा घासून-पुसून १९५४ला 'द मॅचमेकर' म्हणून आणलं आणि ते मात्र धावलं. त्यावरून १९६४चं म्युझिकल, ब्रॉडवेवर २,८४४ प्रयोग, आणि मग तुम्ही बघितलेला पिक्चर. 'वॉल-ई' या अॅनिमेशनपटातला तो गंजका रोबो टेप लावून बघत बसतो ना, तोही हाच पिक्चर. डॉली बाई स्वतः मात्र ऑक्सनफर्डची नाही हां, ती वाइल्डरने घातली. ऑक्सनफर्डचे ते दोन नोकर आणि त्यांची चोरून घेतलेली सुट्टी. वाइल्डरने ऑक्सनफर्ड आणि नेस्ट्रॉय दोघांचंही ऋण छापून मान्य केलंय, हे त्याचं चांगलं.

प्रश्न : हाच माणूस लंडनच्या टाइम्सचा नाट्यसमीक्षकही होता म्हणे. स्वतः नाटकं लिहायची आणि दुसऱ्यांच्या नाटकांवर निकालही द्यायचा, हे चालायचं कसं? – एक वाचक, पुणे

उत्तर : चालायचं, आणि एकट्याचं नाही, बऱ्याच जणांचं. साधारण १८५०पासून पुढची वीसेक वर्षं टाइम्समध्ये नाटकांवर हाच लिहायचा. सकाळी ज्या थिएटरच्या मॅनेजरशी आपल्या प्रहसनाबद्दल बोलायचं, रात्री त्याच्याच खेळाला जाऊन बसायचं. त्यात निम्मी नाटकं फ्रेंचवरून उचललेली, कारण १८५२ साली इंग्लंड-फ्रान्सचा कॉपीराइट करार लागू झाला तरी रूपांतराला मोकळीक ठेवलेली होती. ऑक्सनफर्डचं १८५८चं 'द पोर्टर्स नॉट' असंच फ्रेंचवरून घेतलेलं, फ्रेडरिक रॉबसनने त्यातल्या म्हाताऱ्या हमालाच्या भूमिकेत लोकांना रडवलं होतं. समीक्षक आणि लेखक दोघं एकाच विहिरीवर पाणी भरत होते, मग कोण कुणाला काय बोलणार.

याच्या मवाळपणाबद्दल त्या काळच्या आठवणींमध्ये एक किस्सा येतो. सुरुवातीला याने एका नटाला जरा झोडलं, त्या नटाने संपादक डिलेनला तक्रारीचं पत्र पाठवलं. डिलेनने ऑक्सनफर्डला बोलावून सांगितलं की नाटक चांगलं झालं की वाईट याने आपल्या वाचकाला काडीचा फरक पडत नाही, पण असली पत्रं मला ऑफिसात नकोत. झालं, त्यानंतर हा कुणालाच लागेल असं लिहिना. मला विचाराल तर हे समीक्षा म्हणून वायाच गेलं. कथानक व्यवस्थित सांगायचा, परदेशी मूळ कुठलं ते अचूक ओळखायचा, पण नाटक बघावं की नाही याचं उत्तर मिळायचं नाही. पुढच्या पिढीत विल्यम आर्चर आणि बर्नार्ड शॉ हे समीक्षक आले आणि त्यांनी भीडभाड सोडली. गंमत म्हणजे शॉसुद्धा नाटकं लिहीत-लिहीतच समीक्षा करायचा, १८९५ ते १८९८ 'सॅटर्डे रिव्ह्यू'त, तेव्हा दोष दोन्ही कामं एकदम करण्यात नव्हता.

प्रश्न : जर्मन तत्त्वज्ञ शोपेनहावरच्या चरित्रात याच ऑक्सनफर्डचं नाव दिसलं. तोच की दुसरा? – एक वाचक, ठाणे

उत्तर : तोच! शोपेनहावरचा मुख्य ग्रंथ १८१८च्या अखेरीस आला आणि जर्मनीत कुणी हिंग लावून विचारलं नाही, कितीतरी प्रती रद्दीत गेल्या. तो बिचारा फ्रँकफुर्टमध्ये कुत्रा घेऊन फिरायचा, उपनिषदांचं लॅटिन भाषांतर वाचायचा आणि हेगेलच्या नावाने बोटं मोडायचा. एप्रिल १८५३मध्ये 'वेस्टमिन्स्टर रिव्ह्यू'त त्याच्यावर मोठा निनावी लेख आला, तो आपल्या या प्रहसनवाल्याचा. (त्या वेळी या त्रैमासिकाचं संपादन प्रत्यक्षात करत होती मॅरियन इव्हान्स, म्हणजे पुढची जॉर्ज एलियट.) लेखात शोपेनहावरच्या निराशेशी तो सहमत नाहीये, पण बाकीचे जर्मन तत्त्वज्ञ धुकं पसरतात आणि हा स्वच्छ लिहितो असं बेधडक म्हणतो. बघा, नटांना घाबरणारा माणूस हेगेलला घाबरला नाही. लेख लगेच जर्मनमध्ये छापला गेला आणि पासष्टीच्या शोपेनहावरकडे लोक वळले. उताऱ्यांचं इंग्रजी भाषांतर बघून म्हातारा भलताच खूश झाला होता.

वाचायचंच असेल तर समीक्षा सोडा, प्रहसनंही आज कागदावर मिळमिळीत वाटतात. एकरमानने लिहून ठेवलेली जर्मन कवी गटेची संभाषणं याने १८५०ला इंग्रजीत आणली, त्यापासून सुरुवात करा.