वसतिगृहातील झडती, लेखी कबुली आणि तक्रारीचा अर्ज

आठवीतल्या आपल्या मुलीच्या पेटीत मोबाईल सापडला नाही, तरीही तिने तो कुणाकडे तरी दडवला असावा या संशयावरून रेक्टरबाईंनी तिच्याकडून कबुली लिहून घेतली, असे आपण लिहिले आहे. पुण्याजवळच्या एका निवासी शाळेत माझ्या मुलाच्या बाबतीत जवळपास हेच घडले होते, म्हणून सविस्तर लिहितो. मी वकील नाही, तेव्हा कायद्याचे मुद्दे जाणकाराकडून तपासून घ्यावेत.

पेटीच्या झडतीवरून वाद घालण्यात शक्ती घालवू नका. ती मुलीच्या समोर झाली असेल, तर मला तरी त्यात गैर वाटत नाही. आक्षेप घ्यायचा तो कबुलीवर. माझ्या मुलाच्या कागदावर 'माझ्या कृत्यामुळे संस्थेच्या शिस्तीस बाधा पोहोचली' असे वाक्य होते; आठवीतले पोर आपल्या मनाने असे लिहीत नाही. त्या कागदाची प्रत लेखी मागा. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १७ नुसार शारीरिक शिक्षेइतकाच मानसिक छळही निषिद्ध आहे, आणि आठवी पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही. मात्र अल्पसंख्याक दर्जाच्या शाळांना हा कायदा लागू नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली ठरवले असल्यामुळे शाळेचा दर्जा आधी पाहून घ्या.

शाळेपेक्षा जास्त मनस्ताप आम्हाला दिला तो शिक्षण खात्याच्या एका कार्यालयाने. शाळा पाचवी ते दहावीची, म्हणून प्राथमिकच्या टेबलावरून अर्ज माध्यमिककडे गेला. मुलगा आठवीत आणि कायद्याने आठवीपर्यंतचे शिक्षण प्राथमिक, म्हणून तो तिथून परत आला. शेवटी कोणीतरी समासात 'योग्य त्या कार्यवाहीस्तव' असा शेरा मारून संपूर्ण अर्ज, जोडपत्रांसह, त्याच शाळेकडे धाडला. मुलाच्या बाजूने बोललेल्या मित्रांची नावे त्यात होती. त्या मुलांना प्रार्थनेनंतर सर्वांदेखत उभे करून जाब विचारला गेला, आणि मग खोलीतले कोणीही माझ्या मुलाशी मोकळेपणाने बोलेना. आम्ही चौकशीला गेलो, तेव्हा लिपिकाने आवक नोंदवही आमच्याकडे फिरवून 'निकाली' या शब्दावर बोट ठेवले. ज्याच्याविरुद्ध तक्रार त्यालाच ती सोपवणे म्हणजे निकाल, अशी तिथली समजूत असावी.

म्हणून अर्जात इतर मुलांची नावे मुळीच घालू नका. त्यांचे म्हणणे गोपनीय रीतीने ऐकून घ्यावे, एवढीच विनंती करा. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांकासह पोच घ्या. उत्तर आले नाही, तर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावून माहिती अधिकारात 'माझ्या अर्जावर काय कार्यवाही झाली' एवढेच विचारा. त्याला ३० दिवसांची मुदत असते. राज्य बाल हक्क संरक्षण आयोगाकडेही थेट लिहिता येते, आणि माझ्या मते ते लवकर करावे. तातडीचा प्रसंग असेल तर १०९८ ही मुलांसाठीची मदतवाहिनी आहेच.

शाळा बदलायचे ठरलेच, तर दाखला हाती घेताना 'वर्तणूक' आणि 'शाळा सोडण्याचे कारण' हे दोन रकाने तिथेच उभे राहून वाचा, आणि त्यानंतरच पोचवहीत सही करा.