मुलगा माळकरी आहे आणि मी मटण खाणारी. असा संसार जमतो का?

ताई, तुम्ही लिहिलंय की स्थळ सगळ्या बाजूंनी चांगलं आहे, मुलगा चाकणला कंपनीत आहे, व्यसन नाही, फक्त गळ्यात माळ आहे आणि तुमच्या घरी बुधवार-रविवार चुकत नाही. पुढं रोजची कटकट होईल का, हा तुमचा प्रश्न. जमतं बघा. कटकटही होते. पण मटणावरून होईल म्हणून तुम्ही जी भीती धरून बसलाय, तिथं आमचं फारसं अडलं नाही. आमचं पहिलं मोठं भांडण झालं ते साबुदाण्यावरून.

मी कोल्हापूरची, शिवाजी पेठेतली. नवरा माळशिरस तालुक्यातला. २०२१ च्या डिसेंबरात लग्न झालं, मोशीत भाड्यानं राहतो. तो चाकण एमआयडीसीत तीन पाळ्यांत, मी एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये, सकाळी सहापासून घरोघरी जाऊन रक्त काढून आणायचं काम. त्याची नाईट असली की मी निघताना जिन्यात भेट होते. तो हेल्मेट काढत असतो, मी घालत असते. लग्नाचं पहिलं वर्ष आम्ही असं जिन्यातच काढलं म्हणा.

माळ म्हणजे नुसता दागिना नव्हे, हे तुम्हाला माहीत असेलच, तरी सांगते. मांस-मच्छी, अंडं, दारू बंद. एकादशी धरायची, म्हणजे वर्षाला चोवीस, अधिक महिना आला की सव्वीस. संध्याकाळी हरिपाठ. शुद्ध एकादशी पंढरीची आणि वद्य एकादशी आळंदीची, म्हणून आमचा हा दर वद्य एकादशीला आळंदीला जाऊन येतो. मोशीहून गाडीवर जवळच आहे, पण नाईट करून आलेला माणूस न झोपता इंद्रायणीवर जातो तेव्हा बायकोला ते जवळ वाटत नाही.

लग्नाआधी आमचं बोलणं झालं होतं. घरात शिजवायचं नाही, बाहेर मी खावं, त्याची हरकत नाही. मला सोपं वाटलं. मटण काय, लॅबजवळ खानावळ आहे, शिवाय माहेरी गेले की आई पांढऱ्या रश्श्याचं पातेलं चढवूनच ठेवते. लबाडी मात्र करायची नाही, खाऊन आले की सांगायचं, हेही ठरलं होतं. एकदाच गफलत झाली. सकाळच्या गडबडीत मी माझ्या डब्यातून दोन उकडलेली अंडी नेली. दुसऱ्या दिवशी तोच डबा धुऊन, त्यात मेथीची भाजी भरून त्याला दिला. डबा चकचकीत होता, पण झाकणाला आत रबराची रिंग असते ना, वास तिच्यात बसला होता. कँटीनमध्ये त्यानं झाकण उघडलं, परत लावलं आणि शिफ्ट चहावर काढली. घरी येऊन एवढंच म्हणाला, "झाकणाचं रबर बदल." आरडाओरडा केला असता तर मी दोन शब्द परत दिले असते. त्या दिवशी काही सुचलं नाही. आता त्याचा डबा स्टीलचा, बिनरबराचा, वेगळ्या फळीवर.

आता साबुदाणा. पहिलं वर्षभर दर दशमीला रात्री साबुदाणा मी भिजवायचे. त्याची फर्स्ट असली की साडेचारला उठून खिचडी, त्याच ओट्यावर माझी पोळी-भाजी, आणि पावणेसहाला मी बाहेर. सासूबाई फोनवर विचारायच्या, "एकादशी झाली का गं नीट?" उपास त्याचा, पुण्य त्याचं, आणि विचारणा मला! एका दशमीला मी त्याला म्हटलं, "देव तुझा, एकादशी तुझी, तर साबुदाणा मी का भिजवू?" त्याला ते लागलं. देवाला बोलले असं त्याला वाटलं. मी देवाला काही बोललेच नव्हते, मी साडेचारच्या गजराला बोलत होते. दोन दिवस अबोला. मग पुढच्या दशमीला गडी स्वतः ओट्याशी. साबुदाणा बुडून वर चार बोटं पाणी ठेवलं त्यानं. सकाळी पातेल्यात खळ तयार! पाणी जेमतेम दाण्यांच्या वर यावं, बाकी काम रात्रीचं, हे त्याला तीन एकादश्यांनी कळलं. आता भगर आणि दाण्याची आमटी माझ्यापेक्षा बरी करतो. (आमच्याकडं वरी म्हणतात, त्यांच्याकडं भगर. यावरूनही एक छोटं भांडण झालेलं आहे.)

म्हणून तुमच्या त्या मुलाला 'मी मटण खाल्लं तर चालेल का' एवढंच विचारू नका. त्याला कुणीही 'चालेल' म्हणतं. उपासाचं कोण करणार, ते विचारा. देवपूजा, सोवळं, आलेल्या वारकऱ्यांचं चहापाणी, हे कुणाच्या झोपेतून जाणार ते विचारा. माझ्या पाहण्यात घरातली भक्ती एकाची असते आणि तिच्यामागची धुणीभांडी दुसरीची, आणि हे लग्नाआधी कुणी बोलत नाही.

पैशाचंही बोलून घ्या. हा आधी मशीन शॉपमध्ये होता. फिरत्या मशीनवर गळ्यात, हातात काही चालत नाही, साखळी नाही, दोरा नाही, अंगठी नाही. बरेच दिवस तो माळ टी-शर्टच्या आत घालून काम करायचा. एक दिवस सेफ्टीवाल्यानं बघितलं आणि सांगितलं, काढ नाहीतर मशीन सोड. माळ काढायची नसते. त्यानं मशीन सोडलं आणि इन्स्पेक्शनला बदली मागून घेतली. ओव्हरटाइम गेला, महिन्याला चारेक हजारांचा खड्डा पडला. त्याच्या गावी यावर त्याचं कौतुक झालं. मी मात्र चिडले, कारण गाडीचा हप्ता कौतुकातून जात नाही. आणि माझं मत आजही हेच की सेफ्टीवाला बरोबर होता. मशीनच्या फिरत्या चकमध्ये दोरा अडकला तर माणूस ओढला जातो, तिथं भाव बघत नाही कुणी. नवऱ्यालाही ते पटत होतं, म्हणून तर त्यानं हुज्जत न घालता जागा बदलली. मी रविवारच्या जादा फेऱ्या घ्यायला लागले. त्याच्या माळेचा निम्मा हप्ता मी भरला असं मी त्याला चिडवते, आणि तो हसत नाही.

त्या माळेची एक रात्र सांगते. नाईटला निघायच्या तयारीत त्यानं टी-शर्ट डोक्यातून ओढला आणि तटकन आवाज झाला. दोरा तुटला. मणी फरशीभर. त्याच्या घरचा नियम असा की माळ तुटली की परत गळ्यात पडेपर्यंत पाणीसुद्धा प्यायचं नाही. जेवण वाढलेलं तसंच राहिलं. तो कॉटखाली, मी मोबाइलचा टॉर्च घेऊन कपाटाखाली. मणी केवढे, तर ज्वारीच्या दाण्यापेक्षा जरा मोठे. वाटीत गोळा करून मोजले, एकशे सात. परत मोजले, एकशे सात. तो ओवायला बसला तर हात थरथरत होते, दोरा भोकातून जाईना. मी म्हटलं, आण इकडं. लहान पोरांची शीर सापडवायची सवय आहे मला, एका जागी हात स्थिर राहतो. दहा-दहाचे ढीग करून ओवत गेले. तेवढ्यात कंपनीची बस गेली. शेवटचा मणी बाल्कनीच्या सरकत्या दाराच्या खाचेत सापडला, माझ्या हेअरपिनेनं काढला. मेरुमणी घालून गाठ त्यानं मारली. गळ्यात घातली, पाया पडला, तांब्याभर पाणी प्याला आणि गाडी काढून गेला. जेवला नाहीच. मी त्या रात्री झोपेपर्यंत फरशीवर हात फिरवत होते, अजून एखादा मणी राहिलाय असं वाटत होतं, मोजून पूर्ण झाले होते तरी.

मी नास्तिक आहे असं समजू नका. माझी अंबाबाई आहे, जोतिबा आहे. शीर सापडत नसली की आतल्या आत 'चांगभलं' म्हणून सुई लावते. पण आमची भक्ती वेगळ्या चवीची. ज्या आषाढात हे लोक चालत पंढरपूरला जातात, त्याच आषाढात आमच्याकडं त्र्यंबोलीची यात्रा असते. मंगळवारी-शुक्रवारी पंचगंगेचं नवं पाणी कळशीत घेऊन पोरी टेंबलाईच्या टेकडीवर जातात, पुढं पी-ढबाक वाजत असतं, देवीच्या पायऱ्यांवर पाणी ओततात आणि मग गल्लीत मटणाच्या पंगती. मीही डोक्यावर कळशी घेऊन गेलेय. सासऱ्यांना हे सांगितलं तेव्हा ते क्षणभर गप्प झाले, मग म्हणाले, "पाण्याचं चांगलं आहे." मटणाचं काही बोलले नाहीत. अण्णांचं हेच मला आवडतं.

अण्णांना शुगर आहे. वर्षानुवर्षं एकादशीला दिवसभर कडक, रात्री भरपेट साबुदाणा, आणि उपास म्हणून गोळीही बंद! माझा धंदाच उपाशीपोटीचा. रोज सकाळी दारात पहिला प्रश्न, "रात्रीपासून काही खाल्लं नाही ना?" साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च, खाल्ल्यावर साखर कशी चढते ते मी रिपोर्टात बघते. मी अण्णांशी वाद घातला नाही. ग्लुकोमीटर नेऊन दिला, खिचडीनंतर दोन तासांनी बोटाला टोचून आकडा त्यांचा त्यांनाच वाचायला लावला. ते स्वतःहून डॉक्टरांकडे गेले, गोळीच्या वेळा विचारून आले, आणि आता साबुदाण्याऐवजी थोडी भगर नि ताक. "सूनबाई रक्त काढती," असं गावात सांगतात, अभिमानानं. गेली दोन वर्षं ते मशीन त्यांच्या पिशवीत वारीला जातं.

वारीचा विषय निघालाच आहे तर, रजेचंही विचारून ठेवा. २०२० आणि २०२१ला पादुका एसटीनं पंढरपूरला गेल्या, पायी वारी नव्हतीच. त्यामुळं २०२२ला वारी परत सुरू झाली तेव्हा हा नुसता पेटला होता. लग्नाला सहा महिने झालेले, आणि नवरा आळंदीहून जेजुरीपर्यंत गेला. कंपनीनं तेवढीच रजा दिली, नाहीतर पंढरपूरपर्यंत गेला असता. मी घरी बसून चरफडले. २०२३ला म्हटलं, बघू तरी काय आहे ते, आणि पुणे ते सासवड चालले. तीसेक किलोमीटर, मध्ये दिवे घाट, आणि तो टप्पा नेमका एकादशीचा, म्हणजे केळी, चिक्की आणि चहावर. घाटात रथाला जादा बैलजोड्या लावतात, तिथं सगळे थांबले होते. मी कडेला बूट काढून फोड बघत बसले होते. साठीच्या पुढची एक बाई आली, डोक्यावर तुळस, आणि काही न बोलता वाकून माझ्या पायांना हात लावून "माउली" म्हणून पुढं गेली. तिथं सगळेच एकमेकांच्या पाया पडतात, मला ऐकून माहीत होतं. तरी मी पाय मागं ओढले. आदल्या रविवारी मी तांबडा रस्सा ओरपलेला, आणि ही बाई... नवऱ्याला रात्री सांगितलं तर म्हणाला, "ती काय खाल्लंय विचारून वाकत नाही."

त्यानंतर मी माळ घातली का? नाही. सासूबाई मधूनमधून म्हणतात, "घालावी वाटली तर घाल." वाटली नाही. तुम्हालाही हे विचारलं जाईल, कधी गोड बोलून, कधी टोमणा मारून. नवरा त्या वेळी खोलीत असतो की उठून जातो, हे बघा. आमचा सुरुवातीला उठून जायचा. आता बसतो आणि म्हणतो, "आई, तिचं ती बघेल."

सगळं मिटलंय असं मात्र नाही. मला पाचवा महिना आहे. मूल काय खाणार, यावर आमचं ठरत नाही. तो म्हणतो, मोठं झाल्यावर त्याचं तो ठरवेल. मी म्हणते, तोवर वरणभातच खाणार ना, म्हणजे तूच ठरवलंस की! माझी आई म्हणते, बाळंतपणाला इकडं ये, मग बघू.

गेल्या आठवड्यात रात्री नऊला मला पांढऱ्या रश्श्याची इच्छा झाली, रडू येईल इतकी. त्यानं काही न बोलता गाडी काढली आणि खानावळीपर्यंत घेऊन गेला. आत येऊन समोर बसला, हे पहिल्यांदाच. वेटरनं त्याच्यापुढंही ताट ठेवलं. मी म्हटलं, "यांना नको, हे माळकरी आहेत." पोरगं ताट उचलून गेलं आणि एक भाजलेला पापड घेऊन आलं. मी दोन वाट्या रस्सा प्याले तोवर तो तेवढा एक पापड पुरवून पुरवून खात होता.