ओटोसिंक्लस (शेवाळ खाणारे छोटे मासे, थोडक्यात ओटो) टाकीत सोडले की दोन-तीन दिवसांत मरतात. काय चुकतंय?

टाकी दीड महिन्याची आहे, काचांवर तपकिरी शेवाळ धरलं म्हणून चार ओटो आणले आणि तिसऱ्या दिवशी एकच उरला, असं तुम्ही लिहिलंय. माझंही पहिल्या खेपेला हेच झालं होतं. सहा आणले, आठवड्याभरात चार गेले. पाणी तपासलं तर माशांना विषारी असणारी दोन्ही द्रव्यं, अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य. मी तर फिल्टरलाच दोष देत बसलो होतो.

खरा घोटाळा टाकीत यायच्या आधीच झालेला असतो. बाजारात येणारे बहुतेक ओटो दक्षिण अमेरिकेतल्या नद्यांतून पकडलेले असतात. दिवसभर काही ना काही खरवडत राहणारा हा चार-पाच सेंटिमीटरचा मासा पकडल्यापासून दुकानात पोचेपर्यंत जवळपास उपाशीच असतो. त्यावर पाणी बदलल्याचा धक्का बसला की संपलाच. म्हणून निम्मं काम दुकानात करायचं. ओटो काचेला चिकटला की त्याचं पोट समोरून दिसतं. ते गोल, भरलेलं हवं. आत ओढल्यासारखं दिसलं तर कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नका. माल आला त्याच दिवशी तर नकोच. आठवडाभर तिथेच राहू द्या. जे टिकतील आणि खाताना दिसतील तेच आणा.

दुसरं, तपकिरी शेवाळ बघून फसू नका. ओटोंना ते आवडतं हे खरं, पण नव्या टाकीत ते काही आठवडेच असतं आणि पाच-सहा ओटो ते दोन-तीन दिवसांत साफ करतात. पुढे काय? टाकी निदान तीन-चार महिने मुरलेली हवी, पानांवर, लाकडावर ती बुळबुळीत साय धरलेली हवी. मी एक करतो: काही गोटे पाण्याच्या बरणीत घालून उन्हात ठेवतो. दोनेक आठवड्यांत हिरवे होतात, मग एकेक टाकीत टाकायचा. (काळं, झुपकेदार शेवाळ घालवायला ओटो आणणार असाल तर विसरा, ते त्याला तोंडही लावत नाहीत.)

आता सोडण्याचं. पिशवी पंधरा-वीस मिनिटं टाकीत तरंगत ठेवा, मग मासे पिशवीतल्या पाण्यासकट एका भांड्यात घ्या. एअर पंपाच्या नळीला सैलशी गाठ मारून टाकीचं पाणी त्यात सेकंदाला दोन-तीन थेंब या वेगाने सोडा. तासाभरात भांड्यातलं पाणी दुप्पट-तिप्पट झालं की पुरे. मासे लांबून पार्सलने आले असतील तर मात्र इतका वेळ घालवू नका. बंद पिशवीत कार्बन डायऑक्साइड साठून पीएच (पाणी किती आम्ल आहे ते सांगणारा आकडा; कमी म्हणजे जास्त आम्ल) उतरलेला असतो, त्यामुळे साठलेला अमोनिया फारसा बाधत नाही. पिशवी उघडली की पीएच चढतो आणि तोच अमोनिया जहाल होतो. अशा वेळी तापमान जुळवून लगेच सोडलेले बरे. दोन्ही वेळा पिशवीतलं पाणी टाकीत ओतायचं नाही आणि जाळीऐवजी कप वापरायचा, कारण यांच्या परांचे काटे जाळीत अडकतात. त्या रात्री लाइट बंद.

एखादा सर्रकन वर जाऊन हवेचा घोट घेऊन आला तर घाबरू नका, तेवढं ते करतात. सगळेच सारखे वर जायला लागले तर पाण्यात ऑक्सिजन कमी आहे, पृष्ठभाग हलता ठेवा.

तुमच्याकडे उरलेल्या एकट्याला आज रात्री काकडीची चकती द्या. अर्धा मिनिट उकळत्या पाण्यात धरून, गार करून, जेवणाच्या काट्याला टोचून तळाशी ठेवा आणि दुसऱ्या दिवशी काढून टाका, नाहीतर पाणी नासतं. पहिले दोन-तीन दिवस तो तिकडे ढुंकूनही बघणार नाही. रोज नवी चकती टाकत राहा. त्याचं पोट महिनाभर गोल राहिलं आणि टाकीही तीन-चार महिन्यांची झाली की मगच त्याला पाच जोडीदार आणा, कारण हे कळपातले मासे आहेत.