ढगात डोंगर दिसत नाही, तेव्हा वैमानिक काय करतो?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : काठमांडूला उतरताना विमान ढगात होतं, खाली काहीच दिसत नव्हतं, आणि बरंच खाली आल्यावर एकदम इंजिनांचा आवाज वाढून विमान वर गेलं. शेजारचे काका म्हणाले, "पायलटने डोंगर चुकवला." ढगात डोंगर नक्की चुकवतात कसा?

काकांचा समज बऱ्याच जणांचा असतो, पण तसं घडत नाही. प्रवासी विमानाचा वैमानिक ऐन वेळी डोंगर चुकवायला बसलेला नसतो. डोंगर कुठे आहे, किती उंच आहे हे मोजून अप्रोच चार्टवर, म्हणजे उतरण्याच्या नकाशावर, आधीच एक वाट आखलेली असते. विमानतळापासून इतके मैल असताना या उंचीखाली यायचं नाही, तितके मैल उरले की पुढची पायरी. जिन्यासारखं. आयुष्यभर मी विमानं उडवली ती या जिन्यावर विश्वास ठेवून.

पण एक गोष्ट मला कळकळीने सांगायची आहे. उंचीचा आकडा एकटा कामाचा नसतो. आपण नक्की कुठे आहोत हे चुकलं, की अल्टिमीटर, म्हणजे उंची दाखवणारं यंत्र, अगदी बरोबर असूनही विमान डोंगरात जातं.

याचं उदाहरण आपल्या घराजवळचं आहे. १९६२ साली, ६-७ जुलैच्या मध्यरात्री, इटलीच्या अलितालिया कंपनीचं डीसी-८ विमान बँकॉकहून मुंबईकडे येत होतं. ऐन पावसाळ्याची रात्र. मुंबई प्रत्यक्षात होती त्यापेक्षा जवळ आली, असा वैमानिकाचा समज झाला आणि त्याने लवकर खाली यायला सुरुवात केली. समज खरा असता तर खाली कोकणपट्टी असती. प्रत्यक्षात विमान अजून घाटमाथ्याच्या मागेच होतं. जुन्नरजवळच्या डोंगरावर, जवळजवळ माथ्याशीच, ते आदळलं. सगळे ९४ जण गेले. विमानात बिघाड नव्हता. जुन्नर भागात पावसाळ्यात फिरलेल्यांना ते ढग ठाऊक आहेत. पन्नास पावलांवरचा कडा दिसत नाही.

आता तुमचं काठमांडू. विमानतळच सुमारे ४,४०० फुटांवर, भोवती डोंगरांची कडी. दक्षिणेकडून येणारी वाट नेहमीच्या ३ अंशांच्या उतारापेक्षा बरीच तीव्र, म्हणून पायऱ्या पटापट येतात. २८ सप्टेंबर १९९२ रोजी पाकिस्तान इंटरनॅशनलचं एअरबस ए-३०० तिथे येत होतं. वैमानिक प्रत्येक पायरी एक टप्पा आधीच उतरत गेले. १६ मैलांवर विमान ठरलेल्या उंचीपेक्षा १,००० फूट खाली होतं, १० मैलांवर १,३०० फूट. स्वतःची उंची ते कंट्रोलरला खरी सांगत होते, पण अंतराशी ती जुळत नाही हे वेळेत कोणीच पकडलं नाही. १६७ माणसं गेली. त्याच्या दोनच महिने आधी थाई एअरवेजचं विमान तिथेच दिशा चुकून दक्षिणेऐवजी उत्तरेला गेलं होतं आणि लांगटांगच्या डोंगरावर आदळलं होतं. त्यात ११३ जण होते.

म्हणून माझ्या कॉकपिटमध्ये मी को-पायलटला नेहमी सांगायचो : आधी अंतर वाच, मग उंची. दोन्ही एका दमात. नुसती उंची वाचलेली मला चालायची नाही.

कॉम्प्युटर आल्यावर हा धोका संपला, असं अनेकांना वाटतं. कोलंबियातलं काली शहर आठवा. २० डिसेंबर १९९५, मायामीहून उशिरा निघालेलं अमेरिकन एअरलाइन्सचं बोइंग ७५७. कंट्रोलरने समोरून सरळ उतरायला सुचवलं आणि वैमानिकांनी वेळ वाचेल म्हणून ते घेतलं. घाईत नवी वाट कॉम्प्युटरमध्ये भरताना त्यांनी रोझो या बिकनसाठी (वाट दाखवणारं रेडिओ केंद्र) चार्टवर असलेलं एकच अक्षर, आर, दाबलं. यादीत पहिलं नाव निघालं ते बोगोटाजवळच्या रोमिओ बिकनचं. ते निवडलं गेलं आणि विमान आज्ञाधारकपणे डावीकडे, दरीबाहेर, डोंगरांकडे वळलं. हे लक्षात येऊन ते परत वळेपर्यंत खाली उतरणं चालूच होतं. शेवटी धोक्याची घंटा वाजली, त्यांनी पूर्ण जोर लावून नाक वर उचललं. पण पंखांवरचे स्पीडब्रेक, म्हणजे वेग कमी करायला उघडायच्या फळ्या, उघडेच राहिले होते. १६३ पैकी ४ जण वाचले. या घटनेबद्दल विचार करताना मला आजही तो पहिला क्षण टोचतो, जेव्हा 'आपण आता नक्की कुठे आहोत?' असं एकाने विचारलं आणि तरी उतरणं थांबलं नाही. आधी वर जायचं असतं. चर्चा नंतर.

त्या घंटेबद्दल थोडं. जुनी यंत्रणा फक्त सरळ खाली बघायची, म्हणून समोर उभा कडा असला तर इशारा फार उशिरा मिळायचा. आताच्या यंत्रणेत जगभरच्या डोंगरांचा नकाशा साठवलेला असतो आणि जीपीएसवरून ती पुढचं बघते. तिने असंख्य जीव वाचवले असतील. तरी ती शेवटची जाळी आहे. 'पुल अप' ऐकू आलं तर विचार करत बसायचं नाही : ऑटोपायलट काढा, पंख सपाट, पूर्ण जोर, स्पीडब्रेक आत.

तुमच्या विमानात बहुधा यातलं काहीच झालं नसेल. चार्टवर एक शेवटची उंची असते. तिथपर्यंत धावपट्टी दिसली नाही तर आणखी दोनशे फूट 'बघूया' म्हणून उतरायची परवानगी कोणालाच नाही. मग गो-अराउंड, म्हणजे उतरणं सोडून पुन्हा वर जाणं. त्या वर जाण्याचीही वाट डोंगर मोजून आखलेली असते आणि कोणत्या दिशेला, किती उंचीपर्यंत जायचं हे दोघा वैमानिकांनी उतरायला सुरुवात करण्याआधीच एकमेकांना वाचून दाखवलेलं असतं. तुम्हाला जो अचानक धक्का वाटला, त्याची तयारी समोर बसलेल्या दोघांनी अर्ध्या तासापूर्वी केलेली होती.