जावळीत पहिल्यांदा जातोयस, तर आधी एवढं कर

प्रतापगडावर धावत जाऊन फोटो काढून येऊ नकोस. आधी नकाशा उघड आणि कोयनेवर बोट ठेव. महाबळेश्वरला उगम पावलेली ही नदी सह्याद्रीच्या मुख्य धारेला समांतर सरळ दक्षिणेला जाते, हेळवाकला एकदम पूर्वेला वळते आणि कराडला कृष्णेला मिळते. म्हणजे तुझ्या एका हाताला कोकणात कोसळणारे कडे, दुसऱ्या हाताला डोंगराची दुसरी रांग, आणि मधल्या घळीत किर्र रान. हे डोळ्यांत बसलं की तेव्हा जावळीवर सत्ता असलेल्या मोऱ्यांची मिजास आपोआप कळते. या रानात फौज पसरून लढूच शकत नाही, आणि कोकणात उतरणारा पारघाट इथेच. महाराजांनी 1656 साली जावळी घेतली ती उगीच नाही. अफजलखानाला 1659 मध्ये या अडचणीच्या मुलखात ओढून आणलं, तिथे अर्धी लढाई भूगोलानेच लढली, असं माझं मत.

खालच्या अंगाला बामणोलीला गेलास तर शिवसागराचं, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयाचं, पाणी दिसेल. सुंदर आहेच, पण त्याखाली गावं आहेत, शेतं आहेत. लाँचवाल्या काकांना घाई नसेल तर विचार, कोणाचं घर कुठे होतं ते. धरणाचं बरंचसं पाणी बोगद्यांतून पश्चिमेला पोफळीकडे सोडून वीज करतात. बंगालच्या उपसागराला जाणारं पाणी अरबी समुद्राला मिळतं!

वासोट्याला जायचं तर वनखात्याची परवानगी आधी काढ. गडावर मुक्काम करता येत नाही. आणि जळवांसाठी मीठ घे, पावसाळा नुकता संपला असेल तर नक्कीच.