वाचकांचे प्रश्न : पावलांवरचं अंडं

प्रश्न : आमची खुडूक कोंबडी २१ दिवस अंड्यांवर बसते, पण रोज दाणापाण्याला उठते. एम्परर पेंग्विनचा नर बर्फावर दोन महिने उपाशी उभा राहतो, असं मुलीच्या पुस्तकात आहे. मग अंडं गोठत कसं नाही? राणीच्या बागेतले पेंग्विन हेच का?
– एक वाचक, ता. आर्णी, जि. यवतमाळ

उत्तर : पुस्तकातलं खरं आहे, उपास तर त्याहून मोठा. नर समुद्र सोडून वसाहतीत आला की जोडी जमवणं आणि पुढे सुमारे ६५ दिवस अंडं उबवणं धरून साधारण ११५ दिवस काही खात नाही.

अंडं सुमारे ४५० ग्रॅमचं, देशी कोंबडीच्या दहा अंड्यांएवढं. घरटं नसतंच. नर ते पावलांवर घेतो आणि वरून पोटाची सैल कातडी पडते. खुडूक कोंबडी उचलून पोटाखालची पिसं फुंकून बघा, मधे उघडी, लालसर, गरम कातडी दिसेल. पेंग्विनच्या कातडीच्या त्या घडीच्या आत तशीच जागा असते. अंडं कातडीला भिडतं, बर्फाला नाही.

जोखीम असते ती मादी नराला अंडं देते तेव्हा. पावलावरून पावलावर घेताना ते निसटून बर्फावर राहिलं, तर काही मिनिटांत गोठतं. मादी मग समुद्राकडे जाते. उणे ४० अंशांत नर एकमेकांना खेटून उभे राहतात, हळूहळू सरकत बाहेरचे आत येतात. कोंबडे असे कधी दाटणार नाहीत. एम्पररला राखायला स्वतःची जागाच नसते, म्हणून जमतं. मादी परतण्याआधी पिल्लू निघालं, तर उपाशी बाप घशातून दह्यासारखा पांढरा स्राव भरवतो. तो थोडेच दिवस पुरतो. मादी आलीच नाही, तर पिल्लू वाचत नाही.

आणि पायाखालचा, समुद्रावर गोठलेला बर्फ टिकावा लागतो. पाणी न शिरणारी पिसं येण्याआधी तो फुटला तर पिल्लं बुडतात. २०१६ मध्ये अंटार्क्टिकातल्या हॅले बे इथे हजारो पिल्लं अशीच गेली.

राणीच्या बागेतले हम्बोल्ट पेंग्विन. पेरू-चिलीच्या किनाऱ्यावरची जात. उंची ६५-७० सेंमी, वजन ४-५ किलो. एम्परर ११५ सेंमीपर्यंत उंच, २२ ते ४५ किलोचा. हम्बोल्ट बिळात किंवा कपारीत बहुधा दोन अंडी घालतो, आणि नर-मादी आळीपाळीने बसतात. तुमच्या कोंबडीसारखंच त्यांनाही खायला उठता येतं.